दोघांचे जुळले की मान्य

“सर, माझं उत्तर अमान्य कोणी केलं, त्यांचं नाव मिळेल का?”

एवढा एक प्रश्न घेऊन धोटेकाका परतवाड्याहून सकाळच्या पहिल्या एसटीने अमरावतीला आले होते. नोव्हेंबरातला रविवार होता. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत मी एकटाच होतो. बावीस यंत्रे एकसुरी घरघरत होती आणि परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक फिरावा तसा मी त्यांच्या रांगांतून फिरत होतो. काकांनी चपला दाराबाहेर काढल्या. तो नियम कधीच रद्द झाला होता, पण त्यांना ते सांगून उपयोग नसे.

“माणूस अमान्य करीत नाही, काका. नियम करतो.”

“नियम चालवणारा कोणी असेल ना?”

तो नियम आधी सांगितला पाहिजे, कारण पुढचे सारे त्याच्यावर उभे आहे. परदेशातल्या एका लहानशा विद्यापीठात चाळीस हजार मंद ताऱ्यांची जुनी छायाचित्रे मोजून ठेवलेली होती. यांतले पुष्कळ तारे ठरावीक काळाने फिके पडतात आणि पुन्हा उजळतात. प्रत्येकाचा तो काळ किती, हे काढायला जे प्रचंड गणित लागते, तेवढे मोठे यंत्र त्या विद्यापीठाकडे नव्हते. म्हणून त्यांनी जगभरच्या लोकांना आवाहन केले की आपापल्या घरचे संगणक रिकामे असतील तेव्हा आम्हांला उसने द्या. एक तारा दोन अनोळखी यंत्रांकडे जाई. दोघांचे उत्तर जुळले की मान्य, आणि दोघांनाही गुण. न जुळले तर तोच तारा तिसऱ्याकडे जाई. ज्या दोघांचे जुळेल ते तरले, उरलेला शून्यावर. खरे उत्तर कोणालाच ठाऊक नसल्यामुळे जुळणे हाच पुरावा होता. त्या गुणांनी बाजारात शेंगदाणाही मिळाला नसता, तरी त्यांच्या क्रमवारीसाठी शहाणीसुरती माणसे झुरत असत. गुणांपलीकडचे श्रेय एकच होते: प्रकल्प संपल्यावर निघणाऱ्या अहवालाच्या परिशिष्टात प्रत्येक ताऱ्यापुढे त्या दोघांची नावे छापली जाणार होती.

आमचा संघ मी उभा केला होता. मी गणित शिकवीत असे. प्रयोगशाळा माझ्या ताब्यात होती. गुण एकट्याच्या पदरी पडू नयेत म्हणून मी ती बावीस यंत्रे माझ्यासह सहा जणांच्या नावांवर वाटून नोंदवली होती, आणि या न्यायबुद्धीचे मला कौतुक होते. त्याहून मोठे कौतुक माझ्या प्रोग्रॅमचे होते. मूळ प्रोग्रॅम प्रत्येक संख्या पंधरा अंकांपर्यंत वाहून नेई. मी तो नव्याने बांधला आणि सात अंकांवर आणला. ज्या ताऱ्याला आधी चार तास लागत, तो चाळीस मिनिटांत सुटू लागला. दिवाळीपूर्वी आमचा संघ देशात पहिला आला आणि प्राचार्यांनी फाटकावर अभिनंदनाचा फलक लावला.

धोटेकाका माझा वर्तमानपत्रातला लेख वाचून संघात आले होते. छत्तीस वर्षे तारखात्यात नोकरी केलेले, बोटांना अजूनही टेबलावर ठेका धरण्याची सवय असलेले गृहस्थ. भाच्याने पुण्याहून पाठवलेला एक जुना संगणक, त्यावर मूळचा संथ प्रोग्रॅम. एका ताऱ्याला दोन दिवस लागत. त्यातही त्यांचे बरेच निकाल अमान्य ठरत. संघाच्या तक्त्यात तेवढीच एक डागाळलेली ओळ होती, आणि ती माझ्या डोळ्यांत खुपत असे.

मी प्रकल्पाचे पान उघडून त्यांच्यापुढे धरले. त्यांच्या उत्तराला ज्या दोघांनी बाद केले होते त्यांची नावे तिथे होती. एक नाव माझे होते, दुसरे आमच्या पदार्थविज्ञानाच्या निंभोरकरांचे.

काका हसले. “म्हणजे घरचीच माणसं आहेत.”

“यंत्रे आमची. आम्ही काही केलेले नाही.”

“ते समजलं. पण सर, हा तारा मी ओळखतो.” त्यांनी पिशवीतून मेणकापडात गुंडाळलेली जाड नोंदवही काढली. “यंत्राला येणाऱ्या कामाच्या नावात आकाशातला पत्ता असतो ना, त्यावरून ओळखला. ब्रह्महृदयाच्या थोडा खाली आहे. अकरा वर्षं दुर्बिणीतून बघून राहिलो मी याला. बायको म्हणते, दुसरं लगीनच लावा आता. चाळीस हजारांतून तो माझ्याच घरी आला, सर. बाकी एकही गुण नको मला. या एका ताऱ्यापुढं नाव लागावं एवढंच वाटते.”

त्यांच्या यंत्राने दहा दिवस अर्धा तास असे उत्तर दिले होते. आमच्या दोन्ही यंत्रांनी पाच दिवस पाव तास.

“नेमके दुप्पट आहे, पाहा,” मी म्हणालो. “तुमच्या यंत्राला दर दुसरी मंदी दिसलीच नाही.”

“दिसली ना. पण ती वेगळी आहे. एक खोल, एक उथळ, पुन्हा खोल. दोन तारे आहेत तिथं, एकमेकांच्या आड येणारे. थोरला झाकला की खोल, धाकटा झाकला की उथळ. दोन्ही एकच धरल्या तर पाच दिवस येतात.”

“हा फरक तुम्हांला नुसत्या डोळ्यांनी कळतो?”

“दुर्बिणीतून. हो.”

इथे मी थांबायला हवे होते. परंतु प्रतिपक्ष निरुत्तर होईपर्यंत न थांबण्याची मला खोड होती. दोन स्वतंत्र साक्षी एका बाजूला आणि एक साक्षी दुसऱ्या बाजूला असता विवेकी मनुष्याने काय करावे, इथपासून मी सुरुवात केली. मनात दहा ठरवून आकाशाकडे पाहणाऱ्याला दहाच दिसणार, हे सांगितले. शेवटी आपल्या नैयायिकांचा जुना दाखला दिला: कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो, त्याने कितीही शपथेवर सांगितले तरी दोष शंखाचा नसतो.

धोटेकाकांची बोटे टेबलावर वाजत होती, ती थांबली.

“आमच्या खात्यात,” ते सावकाश म्हणाले, “तारेतले आकडे घेणाऱ्यानं उलट पाठवून पडताळायचे, अशी रीत होती. तरी चूक व्हायची. कधी? पाठवणारानंच फॉर्म चुकीचा वाचला असला तर. मग दोघांचं बरोब्बर जुळायचं आणि तार चुकीची जायची. जुळलं म्हणजे झालं, असं नसते, सर. फॉर्म बघावा लागते.”

“आणि इथे फॉर्म कुठे आहे?”

त्यांनी बोट वर केले. वर प्रयोगशाळेचे छत होते. मी हसलो, आणि ते माझे हसू त्यांनी पाहिले.

निघताना मी त्यांना माझ्या प्रोग्रॅमची सीडी दिली. तुमचे अमान्य निकाल संघाला जड जातात, हा घाला आणि पाहा, एकही अमान्य होणार नाही, असे बजावले. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. नोंदवहीच्या झेरॉक्स प्रती त्यांनी माझ्यासाठी आणल्या होत्या. सवड मिळाली तर बघा, म्हणाले, आणि चपला घालून गेले.

डिसेंबरात त्यांची ओळ स्वच्छ झाली. रोज मान्य, मान्य, मान्य. मी त्यांना अभिनंदनाचे कार्ड पाठवले.

त्यांच्या वहीकडे मी वळलो, तेही खंडनासाठीच. संघाच्या पत्रिकेत यंत्र आणि डोळा यांच्या साक्षीमूल्यावर एक निबंध लिहावा आणि उदाहरण म्हणून काकांच्या नोंदी द्याव्यात, असा माझा विचार होता. उदाहरण निर्दोष असावे म्हणून मी त्या अकरा वर्षांच्या नोंदी स्वतः आलेखावर मांडल्या. ताऱ्याच्या शेजारच्या दोन ताऱ्यांना त्यांनी ‘थोरली’ आणि ‘धाकटी’ अशी नावे दिली होती आणि प्रत्येक वेळी तारा त्यांच्याशी ताडून पाहिला होता. ‘थोरलीएवढा’ म्हणजे नेहमीचा. ‘धाकटीएवढा’, ‘धाकटीहून फिका’ म्हणजे मंदी. पाच-पाच दिवसांच्या घडीवर सगळ्या मंदी एकावर एक याव्यात, अशी माझी अपेक्षा होती. त्या आल्याही, परंतु ‘धाकटीएवढा’ आणि ‘धाकटीहून फिका’ एका आड एक पडत गेले, अकरा वर्षांत एकदाही क्रम न मोडता. मनात दहा ठरवून बसलेल्या माणसाच्या हातून एवढे शिस्तबद्ध असत्य लिहिले जात नाही.

तेव्हा मी माझा प्रोग्रॅम काढला. अर्ध्या तासात दोष हाती लागला. खगोलशास्त्रात दिवस एका सलग क्रमांकाने मोजतात. तो क्रमांक आता चोवीस लाखांच्या पुढे आहे. म्हणजे नुसता दिवस लिहिण्यातच माझे सातही अंक खर्ची पडत होते आणि तासांना जागाच उरत नव्हती. वेळ पुसली गेली की खोल आणि उथळ एकमेकांत कालवून सारख्याच दिसणार. बहुतेक ताऱ्यांच्या बाबतीत एवढी ढिलाई चालून जाई. या जातीच्या ताऱ्यांत नाही. प्रकल्पाचा एक नियम होता की एका सभासदाला एका ताऱ्याच्या दोन प्रती द्यायच्या नाहीत. तो मी सहा नावे लावून निरर्थक केला होता. ज्यांना मी स्वतंत्र साक्षी म्हणत होतो ती एकाच साक्षीदाराची दोन तोंडे होती. शंख पांढराच होता. कावीळ बावीस यंत्रांना होती.

मी निंभोरकरांना सांगितले. त्यांनी चष्मा पुसत सगळे ऐकून घेतले आणि फाटकावरचा फलक, प्राचार्य, पुढच्या महिन्यात पाहणीला येणारी समिती, असे एकेक करून मोजून दाखवले. मग म्हणाले, “उपासनी, जन्मभर तुम्ही दुसऱ्यांच्या चुका काढत आलात. ही एक राहू द्या की. जुळलंय ना? कोण विचारतंय?”

“धोट्यांनी विचारले होते.”

“आणि तुम्ही त्यांना शंख दाखवला.” ते हसले नाहीत.

प्रकल्पाला पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. उत्तर चार ओळींचे आले. मिळालेले गुण काढून घेतले जाणार नाहीत, कारण गुण केलेल्या कामाचे असतात. माझा प्रोग्रॅम ज्या ज्या यंत्रावर चालला त्यांचे सर्व निकाल बाजूला ठेवून ते तारे नव्याने दुसऱ्यांना दिले जातील आणि परिशिष्टात त्या दुसऱ्यांची नावे येतील. अमान्य ठरलेल्या उत्तरांच्या फायली आठवड्यात पुसल्या जातात, श्री. धोटे यांचे ते उत्तर आता अस्तित्वात नाही. फाटकावरचा फलक उतरवताना प्राचार्य माझ्याशी बोलले नाहीत, याचे मला विशेष वाटले नाही. मी उत्तरासोबत आलेल्या यंत्रांच्या यादीकडे पाहत होतो. बाजूला ठेवलेल्या यंत्रांत तेविसावे धोटेकाकांचे होते.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मी परतवाड्याला गेलो. दार काकूंनी उघडले. मी नाव सांगताच त्यांचा चेहरा फुलला.

“तुम्हीच का ते सर? या, या. तुमच्या सीडीनं लय चांगलं झालं बघा. अकरा वर्षं ती सवत गच्चीवर बसली होती. हे थंडीत मफलर गुंडाळून जायचे, खोकत यायचे. आता जात नाहीत. दुर्बीणबी कपाटात ठेवली.”

काका आतल्या खोलीत टेबलाशी बसले होते. शेजारी संगणक घरघरत होता. पुढ्यात नोंदवही उघडी, हातात लाल शाईचे पेन. मला पाहून ते लगबगीने उठले, स्वतः खुर्ची पुसली, अभिनंदनाच्या कार्डाबद्दल आभार मानले. मग काहीशा संकोचाने वही माझ्याकडे वळवली.

“दुरुस्ती करून राहिलो, सर. चूक ठेवून मरू नये माणसानं.”

पहिल्या पानावर ‘काळ: दहा दिवस अर्धा तास’ असे लिहिलेले होते. त्यावर एक सरळ लाल रेघ होती, खालची अक्षरे वाचता येतील अशी. तारखात्यात खोडत नाहीत, रेघ मारतात. वर नव्याने ‘पाच दिवस पाव तास’, शेजारी आद्याक्षरे आणि तारीख. मी पान उलटले. जिथे जिथे ‘धाकटीएवढा’ होते तिथे रेघ मारून वर ‘धाकटीहून फिका’ केले होते आणि समासात, त्याच सुबक हस्ताक्षरात, लिहिले होते: डोळ्याची चूक. पुढच्या पानावर डोळ्याची चूक. त्याच्या पुढच्या पानावर डोळ्याची चूक.

“चार वर्षं झाली,” काका म्हणाले. “सात राहिली. रोज थोडी करतो.”

मी त्यांना सगळे सांगितले. प्रस्तावना केली नाही, दाखला दिला नाही. अंक कुठे संपले, तास कुठे हरवले, एका यंत्राचे उत्तर दुसऱ्याशी का जुळले, ते सांगितले. ते मान खाली घालून ऐकत होते, बोटे टेबलावर, निश्चल. काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

“म्हणजे,” ते म्हणाले, “खोल आणि उथळ?”

“दोन वेगळ्या आहेत.”

“हे तुम्हाला कशावरून कळलं?”

“तुमच्याच नोंदींवरून.”

त्यांनी मान हलवली. मग मी उरलेलेही सांगितले: त्यांचे पहिले उत्तर पुसले गेले आहे, माझी सीडी घातल्यामुळे त्यांचे यंत्रही यादीतून गेले आहे, परिशिष्टात त्यांचे नाव येणार नाही.

“मग कोणाचं येईल?”

“ठाऊक नाही. कोणी दोन अनोळखी माणसे असतील.”

“त्यांचं जुळेल?”

“जुळेल. तुमच्याशी.”

ते उठले आणि संगणकापाशी गेले. त्यांनी तो बंद केला. घरघर थांबल्यावर खोली एकदम मोठी वाटू लागली. ते परत येऊन बसले. काळ्या शाईचे पेन घेतले, पट्टी लावली आणि पहिल्या पानावरच्या लाल अक्षरांवर एक सरळ रेघ ओढली. त्याखाली लिहिले, ‘दहा दिवस अर्धा तास’. आद्याक्षरे घातली. तारीख घातली. शेजारी थोडी जागा सोडली.

“दुरुस्तीवर दुरुस्ती झाली की दोन सह्या लागतात,” ते म्हणाले. “एकट्याची चालत नाही.”

मी खिशातले पेन काढले. त्यांनी वही अलगद आपल्याकडे ओढली.

“नाही, सर. दुसरी सही बघणाऱ्याची लागते. तुम्ही पाहिलाय तो?”

“नाही.”

“एकदाबी नाही?”

“एकदाही नाही.”

त्यांनी बोटांवर काही हिशेब केला. “परवा मंगळवारी खोल आहे. सातच्या सुमारास. मग पाच दिवसांनी, रविवारी, उथळ. दोन्ही दिवस या.” आणि दाराकडे न पाहता म्हणाले, “दुर्बीण काढावी लागेल.”

काकूंनी चहा टेबलावर ठेवला. “काढते,” त्या म्हणाल्या. “मफलरबी काढते.”

त्या अहवालाचे इथेच सांगून टाकतो. तो दोन वर्षांनी निघाला. त्या ताऱ्यापुढे दहा दिवस अर्धा तास असा काळ आहे आणि दोन नावे आहेत. ती मला उच्चारताही येत नाहीत. माझ्या खात्यावरचे लाखो गुण अजून तसेच आहेत. मी पुढे एकही काम घेतले नाही. एकूण गुणांना त्याने धक्का लागत नाही. अलीकडच्या कामाची चालू सरासरी तेवढी दर आठवड्याला निम्मी होत जाते.

मंगळवारी सातला मी परतवाड्याच्या त्या गच्चीवर उभा होतो. ब्रह्महृदय ईशान्येला चांगले वर आले होते. काकांनी माझ्या कोपराला आधार देऊन दुर्बीण स्थिर कशी धरायची ते दाखवले, थोरली दाखवली, धाकटी दाखवली, आणि मग त्या दोघींच्या मधला, जेमतेम दिसणारा एक ठिपका दाखवला. त्याच्याविषयी मी वाद घातला होता, निबंध योजला होता, शंख आणि कावीळ आणली होती. तो इतका लहान असेल असे मला वाटले नव्हते.

“काय दिसते ते या चिठ्ठीवर लिहा,” ते म्हणाले. “मला सांगू नका. माझी वेगळी असेल.”

त्यांनी आपली चिठ्ठी माझ्याकडे पाठ करून लिहिली. दोन्ही घड्या घालून वहीत ठेवल्या. रविवारी पुन्हा तसेच केले. मग खाली येऊन, दिव्याखाली, चारही चिठ्ठ्या उघडल्या. मंगळवारच्या दोन्हींवर ‘धाकटीहून फिका’. रविवारच्या दोन्हींवर ‘धाकटीएवढा’.

काका समाधानाने हसले वगैरे नाहीत. त्यांनी चिठ्ठ्या पानाला टाचल्या आणि पेन माझ्याकडे दिले. मी पहिल्या पानावर, त्यांच्या आद्याक्षरांशेजारच्या रिकाम्या जागेत, सही केली.

त्यांनी पान उलटले. मधल्या आठवड्यात त्यांनी एक काम करून ठेवले होते: ‘डोळ्याची चूक’ या प्रत्येक शेऱ्यावर काळी रेघ, खाली मूळची नोंद पुन्हा, शेजारी आद्याक्षरे, आणि त्यापुढे थोडी जागा. पुढच्या पानावर तसेच. चार वर्षांच्या सगळ्या पानांवर तसेच.

“मी दोनच दिवस पाहिला आहे, काका,” मी म्हणालो. “या सगळ्यांवर मी सही कशी करू?”

“करा,” धोटेकाका म्हणाले. “तारा तोच आहे.”

एकशे बारा जागा होत्या. माझी शेवटची एसटी गेली, ती गेल्याचा आवाज आम्ही दोघांनीही ऐकला. काकूंनी तिसरे पान वाढले होते. मी प्रत्येक ओळ वाचीत होतो आणि मग सही करीत होतो, आणि काका शेजारी बसून, माझे पेन टेकले की बोटाने टेबलावर एकेक ठोका देत होते.